हळदीच्या कर्क्युमिन कॅप्सूल: लिव्हर कॅन्सरच्या पेशंटसाठी मागवत असाल तर आधी वाचा

५ पैकी २ स्टार देतेय, ते दोन्ही स्टार फक्त मालाचे. विक्रेत्याने फोनवर जे सांगितलं त्याला शून्य.

६० कॅप्सूलची डबी, लेबलवर कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) ५०० मिलिग्रॅम आणि खाली बारीक अक्षरात मिरीचा अर्क म्हणजे पिपरीन ५ मिलिग्रॅम. पॅकिंग चांगलं, सील नीट, तारीख ताजी, डिलिव्हरी वेळेत. एक कॅप्सूल उघडून बघितली, आत अगदी बारीक गडद केशरी पावडर, घरच्या हळदीचा वास जवळजवळ नाहीच, आणि बोटाला लागली ती साबणाने पण पटकन जाईना.

आता मुद्द्याचं. मामांना लिव्हर कॅन्सर आहे, हिपॅटायटिस बी जुनं, सध्या सोराफेनिब या कॅन्सरच्या गोळ्या चालू आहेत. मामीला कुणीतरी व्हॉट्सॲपवर या कॅप्सूलची लिंक पाठवली, ती बिचारी रोज विचारायची मागवू का मागवू का, म्हणून मागवल्या आणि विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणतो, "ताई, लिव्हरच्या गाठीवर रामबाण आहे, रिसर्च झालाय, कॅन्सरच्या गोळ्यांसोबत बिनधास्त द्या." कॅन्सर बरा होतो असं सांगून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी हे लोक इतक्या खात्रीने बोलतात की घाबरलेल्या घरातला कुणीही विश्वास ठेवेल. मला याची खूप चीड आली.

रिसर्च झालाय हे खरंय. लॅबमध्ये लिव्हर कॅन्सरच्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं की पेशी मरतात, उंदरांवरही काम झालंय. पण माणसाच्या पोटातून ते रक्तात जातच नाही फारसं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं तर रक्तात पोचणारं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं, म्हणून बऱ्याच कंपन्या मिरीचा अर्क घालतात. आणि घोळ तिथेच आहे. मामांच्या डॉक्टरांना सुरू करायच्या आधीच डबी दाखवली, त्यांनी हळदीकडे बघितलंही नाही, थेट पिपरीनच्या ओळीवर बोट ठेवलं. औषधं मोडून शरीराबाहेर काढणारी जी यंत्रणा लिव्हरमध्ये असते तिलाच पिपरीन अडवतं, आणि सोराफेनिबही बरंचसं तिथेच मोडलं जातं, म्हणजे गोळी तेवढीच घेतली तरी रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. मामांच्या तळपायाची कातडी या गोळ्यांनी आधीच सोलवटलीय, जुलाब होतात, त्यात अजून भर कशाला. डॉक्टरांनी स्पष्ट नको सांगितलं, कॅप्सूल दिली नाही.

अजून एक, हळदीच्या सप्लिमेंटने लिव्हरलाच इजा झाल्याच्या केसेस आहेत. अमेरिकेत २००४ ते २०२२ दरम्यानच्या अशा १० केसेस डॉक्टरांनी एकत्र छापल्यात, त्यातला एक पेशंट लिव्हर फेल होऊन गेला. भाजीतल्या चमचाभर हळदीबद्दल नाही बोलत मी, ती खुशाल खा. हळदीत कर्क्युमिन शेकड्याला चार-पाचच्या वर क्वचितच असतं, कॅप्सूलमध्ये ते ९५ टक्के.

वनस्पतींवर माझा विश्वास नाही असं अजिबात नाही. दारातल्या सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन हे औषध निघालं, त्याने ब्लड कॅन्सरची पोरं बरी होतायत. सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हा घटक आहे, त्याच्यावरून पुढे केमोची औषधं बनली. लिव्हर कॅन्सरचंच बोलायचं तर एपिमेडियम नावाच्या चिनी औषधी वनस्पतीतल्या घटकापासूनचं आयकॅरिटिन हे औषध चीनने २०२२ मध्ये मंजूर केलं, ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या ठराविक पेशंटसाठी. पण त्यासाठी एकच रेणू वेगळा काढला, डोस ठरवला, पेशंटवर ट्रायल घेतल्या. या डबीतल्या कॅप्सूलने यातलं काय केलंय असं विक्रेत्याला विचारलं तर फोन ठेवला त्याने.

सील उघडलं की परत घेत नाहीत, त्यामुळे पैसे गेले. तुमच्या घरात कुणाची ट्रीटमेंट चालू असेल तर डॉक्टरांना नुसतं "हळदीची गोळी देऊ का" असं विचारू नका, हळद म्हटलं की तेही हो म्हणून मोकळे होतील. लेबलचा फोटो दाखवा, मागची बाजू, पिपरीनची ओळ नीट वाचता येईल असा.