घरी घड्याळाचे भाग करायचेत: वॉचमेकर लेथ, मिनी लेथ की छोटी सीएनसी?

घड्याळाचा भाग घरी करायची इच्छा झाली की पहिला प्रश्न येतो, "कोणता लेथ घेऊ?" माझं म्हणणं, आधी भाग ठरवा. स्क्रू, चावीचा दांडा म्हणजे स्टेम, बॅलन्स चाकाचा बारीक दांडा म्हणजे बॅलन्स स्टाफ, दात्यांचं चाक आणि चाकांची टोकं धरणारी पट्टी म्हणजे ब्रिज हे सगळे एकाच डबीत मावतात, पण यंत्राकडून प्रत्येकाची मागणी वेगळी असते. बरेच जण यंत्र आधी घेतात आणि त्यावर काय होत नाही ते नंतर कळतं.

आपल्याकडे ही गरज हौसेपुरती नाही. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. 'जनता' आणि 'पायलट' मात्र अजून लोकांच्या मनगटावर चालताहेत, आणि ती पडली की बहुतेकदा मोडतो तो बॅलन्स स्टाफ. म्हणून तुलनेची सुरुवात त्याच्यापासूनच करू.

मनगटी घड्याळाच्या बॅलन्स स्टाफच्या टोकाला, म्हणजे पिव्हटला, जाडी असते साधारण 0.10 ते 0.12 मिमी. बायकांच्या छोट्या घड्याळात त्याहूनही कमी, जवळपास केसाइतकी. ही टोकं दोन्ही बाजूंना असतात, आणि खरी अडचण इथेच आहे. सळई लेथच्या चकात धरून एका बाजूने जे काही टर्न कराल, म्हणजे फिरवत कापाल, ते आपोआप एकाच अक्षावर येतं. चक किंवा कोलेट (सळई घट्ट धरणारी चिरलेली नळी) थोडा वाकडा फिरत असला तरी त्याने बिघडत नाही, कारण तुम्ही फिरणाऱ्या अक्षाभोवतीच कापत असता. पण जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, सोडून उलटा धरलात की कोलेटचा सगळा रनआउट, म्हणजे वाकडं फिरणं, दुसऱ्या टोकात उतरतो. साध्या ईआर कोलेटचा (वर्कशॉपमध्ये सर्रास वापरला जाणारा प्रकार) रनआउट 0.01 ते 0.02 मिमी सहज असतो. 0.10 च्या पिव्हटला तो चालणार नाही.

म्हणून माझी पहिली विभागणी यंत्रांची नाही, भागांची आहे: एका पकडीत होणारे आणि उलटावे लागणारे. स्क्रू एका पकडीत होतो. स्टेमही जवळजवळ होतो. त्याचा चौकोनी भाग फाइलिंग रेस्ट, म्हणजे कानस टेकवायचा आधार, लावून घासता येतो. एवढंच करायचं असेल तर मिनी लेथवरही काम होईल. स्टाफ करायचा असेल तर वॉचमेकर लेथला पर्याय शोधू नका.

वॉचमेकर लेथ आणि मिनी लेथ

वॉचमेकर लेथ म्हणजे 8 मिमी कोलेटचा छोटा लेथ. अमेरिकेत वॉल्थमला 19व्या शतकाच्या अखेरीस वेबस्टर-व्हिटकॉम्ब नावाचा घाट ठरला आणि पुढे तोच जगभर चालला. जुन्या बाजारात बोली, लॉर्श ही जर्मन नावं आणि डर्बीशायर, लेव्हिन ही अमेरिकन नावं दिसतात. त्याचा मोठा गुण म्हणजे उलटलेला जॉब पुन्हा अक्षावर आणायची सोय. ब्रासच्या तुकड्यात शंकूसारखा खड्डा टर्न करायचा, त्यात लाख वितळवायची, स्टाफचं तयार टोक खड्ड्यात टेकवायचं आणि लाख मऊ असताना लेथ हळू फिरवत काडीने हलका आधार देऊन स्टाफ सरळ करायचा. लाख गार झाली की धरून ठेवते. खड्डा तुम्ही त्याच स्पिंडलवर, म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या दांड्यावर, आत्ताच कापलेला असतो, म्हणून कोलेटची चूक मध्ये येतच नाही. ही पद्धत जुनी आहे आणि अजून तिच्यावर विश्वास ठेवावा अशी आहे.

दुसरा गुण हाताचा. टी-रेस्टवर, म्हणजे टी आकाराच्या आधारावर, ग्रेव्हर (हातात धरायची कापायची सळई) टेकवून हातानं कापताना टोक किती दाबतंय ते बोटांना कळतं. याला कारण आहे. बाहेर आलेल्या सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास निम्मा झाला की ताठपणा सोळाव्या हिश्शावर येतो. स्लाइडवर, म्हणजे हॅण्डव्हीलने सरकणाऱ्या पाटावर, बसवलेलं टूल जरासं बोथट असलं तर पिव्हट कापला जायच्या आधी वाकतो किंवा तुटतो, आणि हॅण्डव्हीलला ते कळत नाही. शिवाय शेवटचा साधारण 0.01 मिमी कापून काढायचाच नसतो. तो जॅको टूलवर (पिव्हट टेकवून धरायचं छोटं अवजार) बर्निशरने, म्हणजे कडक गुळगुळीत पोलादी पट्टीने, दाबून, घासून गुळगुळीत करायचा. त्यामुळे पृष्ठभाग कडक आणि चकचकीत होतो, आणि पिव्हट ज्वेलमध्ये, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या खड्याच्या भोकात, कमी झिजतो.

सात बाय बारा म्हणून विकला जाणारा चिनी मिनी लेथ यापुढे अवजड वाटतो, आणि या कामासाठी तो आहेच. त्याच्या क्रॉस-स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या पाटाच्या) डायलवर एक खूण बहुतेकदा 0.02 किंवा 0.025 मिमीची असते, म्हणजे व्यासातून त्याच्या दुप्पट माल निघतो. पिव्हटचा जवळजवळ निम्मा व्यास एका खुणेत गेला! वेगाचा मुद्दा मात्र लोक उगाच मोठा करतात. 0.10 मिमीच्या पिव्हटवर 3000 आरपीएमलाही कापण्याचा वेग मिनिटाला मीटरभर जेमतेम होतो. हजार-दोन हजार आरपीएम इकडचे तिकडे झाल्याने तिथे काही अडत नाही. धारदार टूल आणि खरा फिरणारा स्पिंडल, बस. मिनी लेथ घ्यायचाच असेल तर घड्याळाच्या केसिंगसाठी, होल्डरसाठी, छोटी अवजारं करण्यासाठी घ्या. त्या कामाला तो उत्तम आहे, आणि वॉचमेकर लेथवर ती कामं करू नयेत.

दोन्हींच्या मध्ये अमेरिकन शेर्लाइन बसतो. सुमारे 89 मिमीचा स्विंग (म्हणजे फिरवता येणारा सर्वांत मोठा व्यास), 70 ते 2800 आरपीएम, मेट्रिक मॉडेलच्या हॅण्डव्हीलवर 0.01 मिमीची खूण, आणि 8 मिमी घड्याळी कोलेटचा हेडस्टॉकही मिळतो. फ्लॅटमध्ये एकच यंत्र ठेवायची जागा असेल आणि स्टाफ अधूनमधूनच करायचा असेल, तर मी याच्याच बाजूने कौल देईन.

चाकं, ब्रिज आणि सीएनसी

चाकाला लेथइतकीच इंडेक्सिंगची, म्हणजे फेरीचे समान भाग पाडायच्या सोयीची, गरज असते. 0.1 मॉड्यूलच्या (दात्याच्या आकाराचं माप) 80 दात्यांच्या चाकाचा पिच व्यास, म्हणजे दाते जिथे एकमेकांत मिळतात त्या वर्तुळाचा व्यास, फक्त 8 मिमी. दातांची वाटणी चुकली की चाक अडतं. वॉचमेकर लेथच्या पुलीवर इंडेक्सची भोकं असतात, पण तुम्हाला हवी ती संख्या त्यांत असेलच असं नाही. दात्याच्या आकाराचा फ्लाय कटर, म्हणजे एकाच धारेचा फिरता कटर, घरी घासता येतो. कारखान्यातले कटर महाग पडतात, पण फार चाकं करणाऱ्याला ते घ्यावेच लागतात.

ब्रिज आणि प्लेटसाठी छोटी सीएनसी मिल, म्हणजे संगणकाच्या हुकमावर फिरता कटर चालवणारं यंत्र, खरंच कामाची आहे. इथे भोकाच्या जागेला अर्थ असतो: दोन चाकांच्या अक्षांमधलं अंतर मिमीच्या काही शंभराव्या भागांनीही चुकलं की दाते खोल किंवा उथळ मिळतात. बाजारातल्या स्वस्त, अॅल्युमिनियम प्रोफाइलच्या तीस-अठरा (3018) छापाच्या राउटरवर हे होत नाही. त्याची चौकट लवचीक असते, आणि कटरने ढकललं की ती सरकते. 0.3 मिमीचा एण्डमिल (मिलचा बारीक कटर) चालवायला 24,000 आरपीएमचा स्पिंडल हवा. तेवढ्यावर कापण्याचा वेग मिनिटाला साधारण 22 मीटर होतो. पण स्पिंडलचा वेग चौकटीचा कमकुवतपणा झाकू शकत नाही. शेर्लाइन किंवा ताइगच्या मिलखाली उतरू नका. आणि सीएनसी घेतली म्हणजे स्टाफ आपोआप होईल, ही आशा ठेवू नका. तिथे लेथच लागतो.

जुना वॉचमेकर लेथ घ्यायला गेलात तर बेडवरच्या खरचटांकडे उगाच पाहत बसू नका. कोलेट मोजा. मेट्रिक कोलेटवरचा आकडा मिमीचा दहावा भाग सांगतो: 12 नंबरचा कोलेट 1.2 मिमीची सळई धरतो, आणि त्याहून काही शंभरांश कमी-जास्त झालं तरी पकड ढिली होते. पाच-सहा कोलेटांसह आलेला लेथ म्हणूनच अर्धाच लेथ असतो. कोलेटच्या शंकूचा कोन आणि त्याला मागून आत ओढणाऱ्या ड्रॉबारचा आटा वेगवेगळ्या कंपन्यांचा वेगळा असू शकतो, म्हणून सोबत आपला एक कोलेट घेऊन जा आणि स्पिंडलमध्ये बसवून पाहा. डायल इंडिकेटर लावून स्पिंडलच्या आतल्या शंकूवर रनआउट तपासा, कोलेटवर नाही. मोटर नसेल तर भाव करायला हरकत नाही. शिवणयंत्राची मोटर आणि तिचं पायाने चालणारं पेडल हे काम छान करतं, आणि ती कुठेही मिळते.