विज्ञान प्रदर्शनाचं सामान, कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं इलेक्ट्रॉनिक पार्ट्सचं दुकान : 5 पैकी 4 स्टार

आधीच सांगतो, गोड बोलणारा दुकानदार पाहिजे असेल तर इथं जाऊ नका. काका दुपारी जेवून आले की बोलतच नाहीत, नुसती मान वर करून "काय?" असं बघतात. पण पोराचं विज्ञान प्रदर्शन डोक्यावर आलंय आणि सामान कुठं मिळंल म्हणून हुडकत इथवर आला असाल तर पूर्ण वाचा, माझे तीन आठवडे त्यात गेलेत.

आमची पोरगी आठवीत. यंदा शाळेनं सहावी ते आठवीच्या गटात तिचं नाव दिलं. आधी शाळेतलं प्रदर्शन, मग शहराचं, तिथं नंबर आला तर जिल्हा आणि मग राज्य, अशी चढण असते. विषय तिचा तिनंच काढला, पंचगंगेच्या पुराचा इशारा देणारं मॉडेल. 2019 ला शाहूपुरीत तिच्या आत्याच्या घरात पाणी शिरलं तेव्हा ते सगळं बिऱ्हाड आमच्या दोन खोल्यांत होतं, आणि थोरली माणसं दिवसभर मोबाईलवर एकच गोष्ट बघत बसायची, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती झालं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे कोल्हापूरच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतंय. त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलेलं.

पहिली चूक माझी. ऑनलाईन "फ्लड अलार्म वर्किंग मॉडेल" म्हणून रेडीमेड किट मागवलं, चौदाशे रुपये घातले. आलं काय तर सनबोर्डवर चिकटवलेलं रंगीत घर, दोन वायरी, एक ट्रान्झिस्टर, एक बझर. वायरी पाण्यात बुडाल्या की पाण्यातनं थोडासा करंट ट्रान्झिस्टरला जातो आणि बझर बोंबलतो. चालत होतं, नाही असं नाही. पण पोरगीनं दहा मिनिटांत जोडलं आणि म्हणाली, "पप्पा, यात मी काय केलो?" (आमच्याकडं पोरी असंच बोलतात, पुणेकरांनी आठ्या घालू नयेत.)

मग ऑफिसातल्या एकानं हे दुकान सांगितलं. दुकान कसलं, बोळ आहे नुसता, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर उभारायचं. भिंतभर औषधाच्या दुकानासारखे बारके खण, प्रत्येकावर मार्करनं नंबर टाकलेला, आणि कुठल्या खणात काय आहे ते फक्त काकांच्या डोक्यात. मी ते किट दाखवून सांगायला लागलो तर मला हातानंच थांबवलं, "प्रदर्शनात तुम्ही उभारणार काय? मग तिला बोलू दे." पोरगीनं सांगितलं. त्यांनी किट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "हे पाणी लागलं एवढंच सांगतंय. पाणी उंबऱ्यात आल्यावर बोंबलून काय उपयोग, किती चढलंय ते नको का कळाय?"

तिथनं पुढं अर्धा तास मी पायरीवर. त्यांनी दोन डोळ्यांसारखा दिसणारा तो अल्ट्रासॉनिक सेन्सर काढला, एचसी-एसआर04, आणि बिलबुकाच्या मागच्या पानावर तिला गणित घातलं. हा वरनं खाली आवाज सोडतो, 40 किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्या कानाला ऐकूच येत नाही, तो पाण्यावर आपटून परत येतो, जायला-यायला लागलेला वेळ मोजायचा. आवाज सेकंदाला 340 मीटर पळतो, पाणी 20 सेंटीमीटर खाली असलं तर वेळ किती? पोरगीनं 20 च धरले. काका गप्प, नुसतं पेन कागदावर टकटक. मग तिच्याच ध्यानात आलं की जाऊन परत यायचंय म्हणजे 40 धरायला पाहिजेत, आणि उत्तर आलं साधारण 1176 मायक्रोसेकंद. तो कागद तिनं फाडून आणलाय, अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

सामान घेतलं ते असं, आर्डुइनो ऊनो, म्हणजे कोड टाकून चालवायचा बारका कॉम्प्युटर बोर्ड (ओरिजिनल नाही, कॉपी आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं), सेन्सर, ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडायची भोकांची पट्टी), जंपर वायरी, बझर, तीन एलईडी आणि त्यांना 220 ओहमचे रेझिस्टर. सगळे मिळून 890 रुपये. ऑनलाईन शे-दीडशेनं स्वस्त पडलं असतं, पण तिथं कोण गणित घालतंय. उलट हा माणूस सामान विकायलाच तयार नसतो. मी चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी मागितली तर दिली नाही, "दिवसभर चालवायची म्हटल्यावर ती मध्येच बसंल, मोबाईलचा चार्जर लाव." पोरगीला धरणाचा दरवाजा उघडायला सर्वो मोटर (सांगंल तेवढीच फिरणारी) पाहिजे होती, तर म्हणाले, "राधानगरीला सात दरवाजे आहेत, पाणी वाढलं की आपोआप उघडतात, तिथं कुठं आर्डुइनो बसवलाय?" आता ह्यात विज्ञान किती आणि चेष्टा किती ते मला कळलं नाही, पण मोटरचे पैसे वाचले.

आता एक स्टार कुठं कापला ते सांगतो. घरी सगळं जोडलं, कोड टाकला, आणि रीडिंग शून्य. दुसऱ्या दिवशी पण शून्य. लॅपटॉपला तो कॉपीवाला बोर्ड ओळखू यायलाच वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो हे आधीच कुणी सांगितलं नव्हतं, त्यात एक संध्याकाळ गेलेली. वायरी उलट्या लागल्या असतील म्हणून दहा वेळा काढून घातल्या, पोरगी रडकुंडीला, बायको म्हणते त्यापेक्षा ते चौदाशेचंच न्या. तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सगळा पसारा घेऊन दुकानात गेलो. काकांनी दुसरा सेन्सर लावला, लगेच आकडे यायला लागले. म्हणजे आधीचा मेलेलाच होता. बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, पण वर म्हणतात, "लॉट जरा खराब आलाय, टेस्ट करून न्यायचं की." अहो काका, टेस्ट करायचं मशीन तुमच्याकडं, आणि आम्ही कसं टेस्ट करायचं? तेव्हा जे घ्याल ते तिथंच लावून दाखवायला सांगा, तोंड वाकडं करतील पण लावतात.

मॉडेल मात्र भारी झालं. एक फूट उंचीची मासे ठेवायची काचेची टाकी, अर्धा सेंटीमीटर म्हणजे नदीचा एक फूट. साडेएकोणीस सेंटीमीटरला पिवळा लाईट, साडेएकवीसला लाल आणि बझर. सेन्सर काठाला लावला की आकडे उड्या मारायचे कारण आवाज काचेला आपटून यायचा, मग मधोमध पट्टी टाकून टांगला. प्रदर्शनात तांब्या-तांब्यानं पाणी ओततानाच गर्दी व्हायची.

परीक्षक आले, पोरगीनं 1176 चं गणित धडाधड सांगितलं, ते खूश पण दिसले. आणि मग त्यातल्या एका सरांनी विचारलं, "बाळ, पंचगंगेत केंदाळ, म्हणजे जलपर्णी, वाहत आलं तर तुझा सेन्सर पाणी मोजणार का केंदाळ?"

पोरगी गप्प. मी लांब पालकांच्या रांगेत, मी पण गप्प.

नंबर आला नाही. शेजारच्या टेबलावर ऊस तोडायच्या यंत्राचं मॉडेल होतं ते पुढं जिल्ह्याला गेलं, आणि ते चांगलंच होतं, उगाच रडारड नाही.

त्याच शनिवारी पोरगी म्हणाली, दुकानात जायचं. मला वाटलं तक्रार करायला, तर ती केंदाळाचं विचारायला. काकांनी पहिल्यांदाच स्टूल पुढं सरकवलं. म्हणाले, पाईप उभी कर, खालनं भोकं पाड, पाणी आत येईल, केंदाळ बाहेर राहील, लाटा पण लागणार नाहीत. पोरगी म्हणाली, "पाईप बारीक असली तर आवाज कडंला आपटंल की, टाकीत तसंच झालेलं." काका थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिले. "मग रुंद घे. नाहीतर आत फ्लोट सोड, म्हणजे पाण्यावर तरंगणारं काहीतरी, त्याच्यावर दांडा, दांडा किती वर आला ते मोज." पुढं दोघं काय काय बोलत बसले, मला निम्मं कळलं नाही. पाईप ते विकत नाहीत, हार्डवेअरच्या दुकानात जावा म्हणाले.

बाकी माहिती : सोमवारी बंद. दुपारी दोन ते चार जाऊ नका. फोन पे चालतं पण रेंज नसते, सुट्टे न्या. बिल मागितलं तरच देतात, शाळेला पावत्या दाखवायच्या असतील तर आठवणीनं मागा. चारचाकी लावायला जागा अजिबात नाही. आणि पोराला बरोबर न्या, एकटे गेलात तर ते तुम्हाला काही सांगत नाहीत.