घामाने ओलं बोट आणि बटण: ट्रेनरवर बाइक कॉम्प्युटर लावावा की टॅबलेटवरचं अ‍ॅप?

जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की मी घोडबंदर रोडवर सायकल काढत नाही. पाण्याखालचा खड्डा वीतभर आहे की हातभर ते कळत नाही. डाव्या कडेची जी पट्टी आम्ही सायकलवाले धरून चालायचो, ती मेट्रोच्या कामात कुठे उरलीय, कुठे नाही. आणि अशा पावसात मागच्या कंटेनरवाल्याला आपण दिसतोय, याची खात्री मला कधीच वाटली नाही. त्यामुळे ऑक्टोबर उजाडेपर्यंत सायकल बेडरूमच्या खिडकीपाशी, स्मार्ट ट्रेनरवर असते, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल आणि पेडलचा भार आपोआप कमी-जास्त होईल अशा स्टँडवर.

असे तीन पावसाळे झाले. पहिला टॅबलेटवरच्या अ‍ॅपसोबत, दुसरा अर्धा इकडे अर्धा तिकडे, तिसरा जवळजवळ पूर्ण हँडलबारवरच्या बाइक कॉम्प्युटरसोबत, म्हणजे वेग, वॅट वगैरे दाखवणाऱ्या छोट्या यंत्रासोबत. माझ्याकडे गार्मिनचा एज ५३० आहे. २०१९ सालचं मॉडेल, रस्त्यासाठी म्हणून घेतलेलं. हाच कॉम्प्युटर ट्रेनरचा रेझिस्टन्सही (पेडलवरचा भार) सांभाळतो, हे तो वापरणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. ट्रेनर घरात आहे आणि आता समोर काय लावायचं एवढाच प्रश्न उरलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वॅट (पायांचा जोर), केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे), एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे वॅट) यापलीकडे समजावत बसत नाही.

आधी अ‍ॅपची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. बंद खोलीत दीड तास पाय मारणं हे शरीरापेक्षा मनाला जड जातं. अ‍ॅपमध्ये समोर रस्ता सरकत असतो, कुणीतरी बाजूने पुढे निघून जातं आणि पाय आपोआप त्याच्या मागे लागतात. ट्रेनरवर माझे सर्वांत जास्त वॅट निघाले ते अ‍ॅपमधल्या शर्यतीत, ठरवून केलेल्या वर्कआउटमध्ये ते कधी निघाले नाहीत. खारघरला राहणारा माझा एक मित्र आहे. हिवाळ्यात आम्ही पाम बीच रोडवर एकत्र चालवतो, पावसाळ्यात प्रत्यक्ष भेट होत नाही. त्या पहिल्या वर्षी मंगळवारी रात्री आम्ही अ‍ॅपमध्ये भेटायचो, फोन स्पीकरवर ठेवून गप्पा मारत चढ चढायचो. ते दिवस मला आजही आवडतात.

पैशाच्या हिशेबातही अ‍ॅप वरचढ आहे. झ्विफ्ट या अ‍ॅपचं महिन्याचं शुल्क २०२४ मध्ये १४.९९ डॉलरवरून १९.९९ डॉलर झालं. ते जड वाटत असेल तर मायवूश फुकट आहे, आणि फुकट म्हणून त्याला कमी लेखू नका. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेची २०२४ ची ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा त्यावरच झाली. टॅबलेट किंवा लॅपटॉप घरात असतोच. त्यामुळे केवळ घरातल्या ट्रेनिंगसाठी नवा कोरा बाइक कॉम्प्युटर विकत घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही. रस्त्यासाठी तो आधीच घेतला असेल किंवा यंदा घ्यायचाच असेल, तर मात्र पुढचं जरूर वाचा.

मुद्दा घामाचा आहे.

ठाण्यातल्या जुलैमध्ये घाम वाळत नाही. हवेतच इतकं पाणी असतं की अंगावरचं पाणी जायला जागा नसते. पंखा फुल्लवर ठेवा, दुसरा पंखा समोर लावा, विसाव्या मिनिटाला कोपरावरून धार लागतेच. टॅबलेट हँडलबारवर, म्हणजे बरोबर चेहऱ्याखाली. टचस्क्रीनला बोट ओळखता येतं ते काचेवरच्या विद्युत क्षेत्रात बोटामुळे होणाऱ्या बदलावरून, आणि घामाचं खारट पाणीही तोच बदल घडवतं. म्हणून नाकाच्या शेंड्यावरून पडलेला थेंब स्क्रीनला बोटासारखा वाटतो, आणि काच ओली झाली की खरं बोट कुठे टेकलंय ते तिला समजत नाही.

एरवी हा त्रास चालवून घेता आला असता. पण माझे बहुतेक वर्कआउट एर्ग मोडवर असतात. तिथे वॅट ठरलेले असतात आणि आपण कितीही हळू फिरवलं तरी ट्रेनर ते वसूल करतो. केडन्स पंच्याऐंशीवरून सत्तरवर आला की तो आणखी आवळतो, आवळल्यामुळे केडन्स आणखी पडतो, आणि पाच-सात सेकंदांत पेडल चिखलात रुतल्यासारखं होतं. त्या पाच-सात सेकंदांत तुम्हाला एक गोष्ट हातात हवी असते: हा इंटरव्हल (जोराचा टप्पा) इथेच सोडून देण्याची सोय.

एका संध्याकाळी आठ-आठ मिनिटांचे चार इंटरव्हल होते, २३० वॅटवर. तिसऱ्याच्या मध्यावर पाय भरून आले. पुढच्या टप्प्यावर जायचं चिन्ह दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं, मेनू उघडला. पंचाने काच पुसली, तर त्या पुसण्यानेच आणखी काहीतरी दाबलं गेलं आणि राइड संपवायची का, असं विचारणारी चौकट समोर आली. हे सगळं होताना ट्रेनर २३० वॅट मागतोच आहे. 'नाही' दाबायला गेलो, तेवढ्यात वरून थेंब पडला आणि राइड संपली. तेहतीस मिनिटं झाली होती. परत सुरू करून चौथा इंटरव्हल करायला मन धजलं नाही. खिडकीबाहेर पाऊस बघत बसलो. त्या दिवशी पाय हरले असते तर इतकं वाईट वाटलं नसतं.

यात त्या अ‍ॅपचा किंवा टॅबलेटचा दोष आहे असं मी म्हणत नाही, काच ओली झाल्यावर कुठलंही यंत्र असंच वागलं असतं. मी उपायही मनापासून केले. टॅबलेट पारदर्शक पिशवीत घातला, तर आतून वाफ धरली. हँडलबारपासून टेबलफॅनपर्यंत दोरी बांधून त्यावर पंचा टाकला, तो पंख्याच्या वाऱ्याने उडायचा. टॅबलेट दोन हात लांब स्टँडवर ठेवला, मग थेंब पडायचे थांबले, पण स्क्रीनला हात लावायला सॅडलवरून पुढे झुकावं लागे, आणि एर्ग मोडवर झुकलं की केडन्स पडतो. लॅपटॉपचा कीबोर्ड त्यातल्या त्यात बरा वाटला, मात्र सायकलला लागून टेबल ठेवण्याइतकी आमच्या खोलीत जागा नाही. तुमच्याकडे ती असेल तर माझा हा सगळा मुद्दा निम्म्याने हलका होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

एज ५३० ला टचस्क्रीन नाही. सात बटणं आहेत. खालच्या कडेला डावीकडे लॅपचं बटण, उजवीकडे सुरू-बंदचं. वर्कआउट चालू असताना लॅप दाबलं की चालू टप्पा संपतो आणि पुढचा सुरू होतो. बोट ओलं असो, ग्लोव्हमध्ये असो, डोळ्यांत घाम गेलेला असो, बटण दाबल्याचं बोटाला कळतं. ज्या संध्याकाळी हे पहिल्यांदा वापरलं, तेव्हाही तिसऱ्या इंटरव्हलला पाय गेले. न बघता अंगठ्याने लॅप दाबलं, ट्रेनर सैल झाला, दोन मिनिटं श्वास घेतला आणि चौथा इंटरव्हल पूर्ण केला. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

बाइक कॉम्प्युटर नवीन घेणार असाल तर म्हणूनच सांगतो, मॉडेलच्या नावातला एखादा आकडा इकडेतिकडे झाला की बटणं जातात. ५३० च्याच पिढीतला ८३० टचस्क्रीनचा आहे. पुढच्या पिढीत ५४० पुन्हा केवळ बटणांचा, आणि ८४० ला टच व बटणं दोन्ही. वाहूचे बोल्ट आणि रोम हेही बटणांवर चालतात. आपल्या हवेसाठी बटणं ही माझी पहिली अट असेल, नकाशा किती रंगीत आहे हे नंतर.

आता त्याच्या उणिवा. स्क्रीन २.६ इंचांचा आहे आणि माझी चाळिशी उलटलीय. चष्मा लावला तर त्यावर घाम, काढला तर आकडे पुसट. यावर तोडगा एवढाच की ट्रेनरसाठी वेगळं प्रोफाइल करायचं आणि एका पानावर तीनच आकडे ठेवायचे: आत्ताचे वॅट, उरलेला वेळ, हृदयगती. केडन्स पायांना कळतो. वेग आणि अंतर यांना घरात तसाही काही अर्थ नाही. दुसरी उणीव, वर्कआउट तयार करण्याची. फोनवर टप्पा-टप्पा भरून कॉम्प्युटरवर पाठवायचा, हे किचकट आहे. मी पावसाळ्याआधी एका रविवारी बसून आठ-दहा वर्कआउट एकदाच करून ठेवतो आणि तेच आलटून-पालटून वापरतो. एकदा ते कॉम्प्युटरवर गेले की इंटरनेटची गरज नाही. आमच्या भागात मोठा पाऊस झाला की वायफाय आधी जातं, म्हणून या गोष्टीची किंमत मला कळते.

आणि कंटाळा? हो, आहे. तीन आकडे आणि एक भिंत. इंटरव्हलच्या दिवशी मला तो जाणवत नाही, कारण आकड्याकडे बघण्यापलीकडे शक्तीच नसते. दोन तासांच्या झोन टूला (हलक्या जोराच्या लांब राइडला) मात्र जाणवतो. तेव्हा मी नाट्यसंगीत लावतो किंवा जुन्या सामन्याचं समालोचन.

एक गोष्ट अशी आहे जिची मी अपेक्षा केली नव्हती. कॉम्प्युटरच्या ट्रेनरच्या मेनूमध्ये जुनी राइड पुन्हा चालवायची सोय असते. आपणच कधीतरी रस्त्यावर रेकॉर्ड केलेला मार्ग निवडायचा, ट्रेनर त्यातल्या चढ-उतारांप्रमाणे आवळतो आणि सैल होतो. मी जानेवारीतल्या एका पहाटेची येऊरच्या टेकडीवरची राइड लावली. उपवन तलाव डावीकडे-उजवीकडे कुठेच दिसत नव्हता, समोर कपाट होतं. पण गेट सोडल्यावर जिथे पहिला गिअर उतरवावा लागतो तिथेच बोट गिअरकडे गेलं. झाडीखाली रेकॉर्डिंग थोडं हलतं, त्यामुळे मध्येच चढ उगाच कडक झाला आणि लगेच सुटला, तेवढं सोडलं तर पायांनी रस्ता ओळखला. परदेशातले डोंगर अ‍ॅपमध्ये कितीतरी सुंदर दिसतात. मला मात्र ऑगस्टमध्ये येऊर भेटलं, याचं जास्त अप्रूप वाटलं. ज्याची त्याची आवड.

दोन्ही एकदम वापरता येतील का, असं बरेच जण विचारतात. येतात, पण एक काळजी घ्या. ट्रेनरवर हुकूम एकाचाच चालायला हवा. अ‍ॅप ब्लूटूथवरून आणि कॉम्प्युटर अँट प्लस या दुसऱ्या वायरलेस जोडणीवरून असे दोघे एकाच वेळी रेझिस्टन्स ठरवायला लागले तर पेडल कधी हवेत, कधी भिंतीवर. मी दुसऱ्या पावसाळ्यात आठवडाभर ट्रेनर बिघडला असं समजत होतो, ते हेच होतं. अ‍ॅपला ट्रेनर चालवू द्यायचा असेल तर कॉम्प्युटरमध्ये ट्रेनर नुसता पॉवर मीटर म्हणून जोडा, म्हणजे तो वॅट वाचेल, ढवळाढवळ करणार नाही. राइडही दोन ठिकाणांहून स्ट्राव्हावर (राइड नोंदवण्याचं अ‍ॅप) दोनदा चढते, तेव्हा एकीकडचं आपोआप अपलोड बंद करून ठेवा.

खारघरचा मित्र आजही अ‍ॅपवरच आहे, आणि त्याचं बरोबर आहे. तो शर्यतीसाठी ट्रेनरवर बसतो. शर्यतीत एर्ग मोड नसतो आणि स्क्रीनला हात लावायची वेळही फारशी येत नाही. शिवाय त्याच्या खोलीत एसी आहे, हा फरक मी लहान समजत नाही. तुम्ही नुकतंच ट्रेनरवर बसायला लागला असाल, अजून सवयच लागायची असेल, तर मीही अ‍ॅपच सुचवेन. ठरलेले वॅट, ठरलेली मिनिटं आणि हिवाळ्यात येऊर किंवा पारसिक हिलवर काहीतरी करून दाखवायचं मनात असेल, तर माझा कल तुम्हाला एव्हाना कळला असेल.

रस्त्यासाठीचा बटणांचा कॉम्प्युटर आधीच सायकलवर असेल तर आत्ता काहीच विकत घेऊ नका. दोन आठवडे टॅबलेट दुसऱ्या खोलीत ठेवा, तीन वर्कआउट कॉम्प्युटरवर करून बघा. त्यातला एक मुद्दाम इतका कठीण ठेवा की मध्येच सोडावा लागेल. आणि राइड झाल्यावर कॉम्प्युटर ओल्या फडक्याने पुसून ठेवा, बटणांच्या खाचांत मीठ साचतं. खाली हेडसेटवरही (हँडलबार जिथे फ्रेममध्ये फिरतो तो भाग) एक जुना पंचा टाकत जा, माझा तिथला एक बोल्ट पहिल्याच पावसाळ्यात गंजला.