काडी पेटली म्हणजे मध शुद्ध?

मधाची शुद्धता ओळखायच्या जेवढ्या घरगुती परीक्षा आपल्याला माहीत असतात, तेवढ्या सगळ्या मध विकणाऱ्या भामट्यालाही माहीत असतात. आमच्या पुण्यातल्या वारज्याच्या सोसायटीत आलेल्या दोघांनी तर त्या कुणी मागायच्या आधीच करून दाखवल्या. आम्ही सगळे गोल करून बघत उभे. त्यात दोन इंजिनिअर, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि बाळगुटीसाठी मध हवा म्हणून वाटी घेऊन आलेल्या एक आजी.

पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलं होतं. मुलं गच्चीवर जायची म्हणून सगळ्यांना धास्ती. त्यातच हे दोघं गेटवर आले. "पोळं फुकट काढून देतो साहेब. मध हवा असला तर पाचशे रुपये किलो, समोर पिळून." फुकट म्हटल्यावर सेक्रेटरीकाकांनी कुणाला फोन केला नाही की काही विचारलं नाही.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे सगळ्यांना दारं-खिडक्या लावून घरात बसायला सांगितलं. यात वावगं काहीच नाही. आग्या माशी तापट, धूर केला की अंगावर येते, खिडक्या लावायलाच हव्यात. पण त्यामुळे गच्चीवर काय चाललंय हे बघायला एकही माणूस राहिला नाही. वर जाताना त्यांच्याकडे झाकणाच्या दोन बादल्या होत्या. त्या रिकाम्या आहेत का, हे कोण विचारणार?

तासाभराने बादल्या खाली आल्या. वर पोळ्याचा मोठा तुकडा तरंगतोय, चार मेलेल्या माश्या, मेणाचे कण. एकाने तो तुकडा फडक्यात धरून आमच्यासमोर पिळला. मग बोट बोट चाटायला दिलं. चव अस्सल होती, कारण ते थेंब पोळ्यातलेच होते. माप मात्र बादलीतून निघालं.

त्यानंतर खेळ सुरू झाला. आगपेटीची काडी मधात बुडवली, कडेला निपटली आणि ओढली, फर्रकन पेटली. ग्लासभर पाण्यात थेंब सोडला, तो न विरघळता सरळ तळाला. टीपकागदावर ठेवला, डाग पसरला नाही. "कुत्रं खात नाही असला मध," असं म्हणून वॉचमनच्या मोत्यापुढे वाटी धरली. मोत्याने हुंगून तोंड फिरवलं. (मोत्या सोसायटीच्या पंधरा घरांत जेवतो. त्याने बासुंदीलाही तोंड फिरवलं असतं.) आजींना तर आवर्जून सांगितलं, "बाळाला द्या, बुद्धी तल्लख होते."

पंचवीसेक किलो मध खपला. रोख. कुणाला पावती नाही, आणि जो मोबाईल नंबर दिला तो संध्याकाळपासून बंद.

खरं तर हिशोबच बसत नव्हता. आग्याच्या पोळ्यात मध असतो तो वरच्या जाड भागात, जिथे पोळं छताला चिकटलेलं असतं तिथे. खालचा पडदा अळ्या आणि कोषांचा. आमचं पोळं मध्यम आकाराचं होतं, त्यातून पंचवीस किलो निघणं शक्यच नव्हतं. शिवाय असं पोळं फडक्यात घालून पिळलं की परागकण, मेण, अळ्यांचा रस असं सगळं त्यात उतरतं, मध गढूळ होतो. आमच्या बाटल्यांतला मध आरशासारखा नितळ होता, आणि त्या नितळपणाचंच सगळे कौतुक करत होते.

शंका आली ती दुसऱ्या विंगमधल्या एका ताईंना. त्या खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करतात. त्यांनी सुट्टीवरून आल्यावर एक बाटली रीतसर फी भरून तपासायला दिली. सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, तिसाच्या वर टक्के निघाली. भारतीय मानकाप्रमाणे मधात ती जास्तीत जास्त ५ टक्के चालते. अपवाद आहे तो कारवी या झुडपाच्या फुलांच्या आणि मधुरसाव्यतिरिक्तच्या, म्हणजे फुलांऐवजी झाडावरच्या चिकट स्रावापासून माशा बनवतात त्या मधाचा. त्यांना १० टक्क्यांपर्यंत सूट. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीला मानकात वेगळी जागा आहे हे मला त्या रिपोर्टमुळेच कळलं. दुसरा आकडा होता एचएमएफचा. साखर आंबट घालून तापवली की हा पदार्थ वाढतो. मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम, आमच्या बाटलीत त्याच्या कितीतरी पट.

थोडक्यात, तो पाक होता. गुलाबजामाच्या पाकात साखर फिरून बसू नये म्हणून आपण लिंबू पिळतो ना, तेच मोठ्या प्रमाणावर. आंबट घालून उकळलं की साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो. मधमाशी फुलांच्या रसावर हेच काम आपल्या लाळेतल्या विकरांनी करते, म्हणून तर हा पाक दिसायला आणि जिभेला मधाच्या इतका जवळ जातो.

मग काडी का पेटली? कारण ती परीक्षा मधाची नाहीच, पाण्याची आहे. काडीच्या गुलात पाणी शिरलं तर ती पेटत नाही. दाट पाकातलं पाणी इतकं कमी असतं की निपटलेली काडी पेटतेच. थेंब तळाला जातो तो घट्टपणामुळे, कागदावर पसरत नाही तोही त्याचमुळे. या परीक्षांत सापडतो तो फक्त पाणी घातलेला पातळ माल. आणि आजकाल पाणी घालण्याइतका अडाणी भामटा राहिलेला नाही.

याची उलटी बाजू मला नंतर बघायला मिळाली. भोरकडे नात्यातल्या एका मामांकडे सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या, पेट्या आहेत. फ्रेमवरची मेणाची टोपणं सुरीने काढून, मधयंत्रात फिरवून, माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी मध काढला. त्यावर हीच काडीची परीक्षा केली. काडी तडतडली, विझली. पाण्यात थेंब जाता जाताच पसरायला लागला. मामा हसले. आपल्याकडच्या दमट हवेत सातेरीच्या आणि आग्याच्या मधात पाणी बरंच असतं, कधी मानकाच्या २० टक्के मर्यादेच्याही वर. तो पातळच असतो, नीट पिकू दिला नाही तर फसफसतोही. सोसायटीतल्या परीक्षेत मामांचा मध नापास झाला असता.

रवाळ होण्याचंही तसंच. थंडीत बाटलीत मध तुपासारखा बसला की लोक "साखर मिसळलीय" म्हणून फेकून देतात. ग्लुकोज जास्त असलेला मध बसतोच, ते शुद्धतेचंही लक्षण नाही आणि भेसळीचंही. कोमट पाण्यात बाटली ठेवली की सुटतो.

"म्हणूनच मी ब्रँडेड घेते," असं आमच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी लिहिलं. तिथेही जपूनच. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातले १३ ब्रँड तपासले. जर्मनीत केलेल्या एनएमआर, म्हणजे रेणूंच्या पातळीवर भेसळ शोधणाऱ्या, चाचणीत त्यातले १० नापास झाले. कंपन्यांनी आरोप फेटाळले, पण त्या निमित्ताने एक गोष्ट उघड झाली. ऊस आणि मका यांच्या साखरेचा कार्बन वेगळ्या जातीचा असतो, त्यामुळे ती जुन्या चाचणीत पकडली जाते. तांदळाच्या सिरपचा कार्बन बहुतेक फुलझाडांसारखाच, म्हणून ते त्या चाचणीतून निसटतं. प्रयोगशाळेला चकवणारं सिरप जिथे मिळतं, तिथे आगपेटीची काय कथा.

आजींचं मात्र मला अजून वाईट वाटतं. पैशासाठी नव्हे. बाळ पाच महिन्यांचं होतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, शुद्ध असला तरी. मधात बोट्युलिझमचे जिवाणूबीज असू शकतात, आणि इतक्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. सुदैवाने सुनेने डॉक्टरांना विचारलं आणि वाटी तशीच राहिली. मधुमेह असलेल्यांनीही "नैसर्गिक आहे" या समजुतीवर जाऊ नये. मधात बहुतांश साखरच असते, रक्तातली साखर ती वाढवतेच.

ग्रुपवर काहींनी त्या दोघांच्या जाती-जमातीवर घसरायला सुरुवात केली. ते मला पटलं नाही. कड्यावर दोर टाकून जीव धोक्यात घालून प्रामाणिकपणे मध काढणारी माणसं याच राज्यात आहेत, आणि असल्या लबाडीने पहिलं पोट मारलं जातं ते त्यांचंच.

तक्रारीचं काय झालं? काही नाही. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर आहे, १८००२२२३६५. पण तिथे पहिला प्रश्न असतो विकणारा कोण, पत्ता काय, बिल आहे का. आमच्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे साध्या ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. बादली निघून गेल्यावर हा हक्क काय कामाचा!

आता मी मध घेते तो मामांकडून, नाहीतर बाटलीवर अन्न परवान्याचा (एफएसएसएआय) १४ आकडी क्रमांक, बॅच आणि पत्ता असलेला. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिकडे गेलात तर पेटीपाशी उभं राहून प्रश्न विचारा. जांभळाच्या मधाला मागाहून कडवट झाक येते, हिरड्याचा वेगळा लागतो. बारा महिने एकाच रंगाचा, एकाच चवीचा मध मिळत असेल तर तो कसा, हेही विचारा. आणि पोळं बसलं तर घाई नको. आग्या माशा हंगाम संपला की आपण होऊन जागा सोडतात. तोवर गच्चीला कुलूप लावलं तरी पुरतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या सोसायटीत तशाच दोन बादल्या आल्या. तिथल्या वहिनींना मी आधीच सांगून ठेवलं होतं. काडी पेटेपर्यंत त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "छान. दोन किलो द्या. एक किलो मी लॅबमध्ये देणार आहे, तेवढं नाव-पत्त्यासह बिल करा." त्या माणसाने झाकण लावलं. "वहिनी, देवाचं देणं आहे हे, याला बिल कसलं," म्हणाला आणि गेटकडे निघाला. पोळं वर तसंच होतं.