तान्ह्यासाठी रिंग स्लिंग, लांब रॅप की बकलवाला कॅरिअर? खान्देशच्या उन्हात राहणाऱ्यांसाठी

रिंग स्लिंग, लांब रॅप आणि बकलवाला कॅरिअर या बाळ अंगावर बांधून घ्यायच्या तीन वस्तू. तिन्हींत बाळ आपल्या छातीला लागून उभ्या स्थितीत राहतं, तिन्हींत हात मोकळे होतात आणि तिन्हींची माहिती तुम्ही आधीच वाचलेली असणार. म्हणून ते सगळं सोडून देतो आणि निवड कुठे अडते तेवढंच सांगतो, तेही आपल्या हवेच्या हिशोबानं. या वस्तूंबद्दल वाचायला मिळतं ते बरंचसं थंड मुलखात राहणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. जळगाव-भुसावळला वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. तिथे बाळाच्या अंगावर कापडाचा एक पदर आहे की तीन, हा प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांच्या आधी येतो.

पण त्याआधी वजनाचं बघा. बहुतेक कॅरिअर आणि स्लिंगच्या लेबलवर किमान वजन सव्वातीन ते साडेतीन किलोच्या आसपास लिहिलेलं असतं. आपल्याकडे अडीच-तीन किलोचं बाळ म्हणजे अगदी नेहमीचं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून कुठलीच वस्तू लेबलप्रमाणे चालत नाही. माझ्या मते त्यानं बिघडतही नाही. सव्वा महिना बाळ-बाळंतीण घरातच असतात, आणि चांगलं दूध पिणारं बाळ तेवढ्या काळात त्या वजनापर्यंत बहुधा पोचतं. तोवर नुसतं छातीशी धरा, उघड्या अंगाला उघडं अंग लावून. अडीच किलोच्या आतल्या बाळांसाठी तर जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. या कांगारू पद्धतीची सुरुवात १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून झाली. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा श्वासाचा काही त्रास असेल, तर स्लिंगचा विचार डॉक्टरांना विचारूनच करा.

आता पहिला पर्याय, लांब होजिअरी कापड, म्हणजे स्ट्रेची रॅप. पुण्याच्या मावसबहिणीनं तिचा दिला होता. खरं सांगायचं तर बाळाला सगळ्यात लवकर झोप लागायची ती याच्यातच. वजन दोन्ही खांद्यांवर आणि पाठीवर सारखं पसरतं, कापड मऊ, बाळ सगळीकडून वेढलेलं. आधी बांधून ठेवायचा आणि मग बाळ आत सरकवायचं, म्हणजे घाबरायलाही होत नाही. पौष-माघात बाळ झालं असेल, तर मी तुम्हाला याच्यापासून परावृत्त करणार नाही.

आमचं बाळ फाल्गुनात झालं, बायकोच्या माहेरी, अमळनेरला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, माहेरी करून मग मायलेकांना जळगावला आणायचं ठरलं होतं. त्या दिवसांत रॅपची जी एक गोष्ट खुपली तिनंच माझा निर्णय केला, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

बाळ बाहेर काढलं तरी रॅप तुमच्या अंगावरच राहतो.

वाचताना हे किरकोळ वाटेल. पण दीड महिन्याचं बाळ दर दीड-दोन तासांनी दूध मागतं. बाळ आईकडे गेलं की छाती, पाठ, कंबर यांना गुंडाळलेलं पाच मीटर होजिअरी कापड घेऊन बाप तसाच उभा. होजिअरी ताणली जाते, म्हणून बाळावरून तिचे तीन पदर जावेच लागतात. एक पदर कमी करून चालत नाही, पकड सैल होते. म्हणजे कापडही कमी करता येत नाही. बनियन, शर्ट, वर रॅप, सगळं घामानं चिंब. दहा मिनिटांनी बाळ परत येतं ते त्याच ओल्या कापडात. बरं, सोडून ठेवावा म्हटलं तर परत बांधायला जागा लागते, आणि बांधताना दोन्ही टोकं जमिनीवर लोळतात. घरात लादीवर लोळली तर काही नाही. अमळनेरच्या फलाटावर, जिथे शेजारी कुणी पान थुंकलेलं असतं, तिथे लोळलेलं टोक तासाभरानं बाळाच्या तोंडाशी येतं. गाडी यायची वेळ झालेली, बायकोच्या हातात बाळ, माझ्या हातात पाच मीटर कापड, पायाशी दोन बॅगा. शेजारच्या बाकड्यावरची मावशी म्हणाली, "भाऊ, पोऱ्याले गरम व्हई ऱ्हायनं." तिचं म्हणणं खरंच होतं. बाळाची मान मागून गरम आणि ओली लागत होती.

घरातल्या घरात, कूलरसमोर, एकाच माणसानं वापरायचा असेल तर रॅप चांगलाच आहे. पण ज्या घरात बाळ सतत या हातातून त्या हातात जातं, एसटीनं किंवा रेल्वेनं माहेर-सासर चालू असतं आणि महिने चैत्र-वैशाखाचे आहेत, तिथे मला तो जमेना.

दुसरा पर्याय बकलवाला. मित्रानं वापरायला दिला होता. बाप लोकांना हाच आधी आवडतो, आणि त्याला कारण आहे: कंबरेचा जाड पट्टा सगळं वजन नितंबांवर घेतो, खांदे मोकळे राहतात. माझ्या पाठीला सगळ्यात सुखाचा तोच गेला. पण अगदी तान्ह्या बाळासाठी मला तो मोठा वाटला. मागची झोळी रुंद, बाळाचे पाय तोकडे. मग एक तर पाय फार फाकतात, नाही तर बाळ आत बुडून जातं. काही कॅरिअरमध्ये त्यासाठी गादीसारखा न्यूबॉर्न इन्सर्ट मिळतो. आपल्या उन्हात ती गादी बाळाभोवती घालायची कल्पना मला सहन होईना. काहींत झोळीची रुंदी कमी-जास्त करता येते, ते नक्कीच बरे. जाळीच्या कापडाचेही येतात. घ्यायचाच असेल तर या दोन गोष्टी एकत्र असलेला शोधा.

बायकोचा अनुभव आणखी वेगळा. सिझेरियन झालेलं, आणि कंबरेचा पट्टा बरोबर टाक्यांच्या आसपास बसायचा. पट्टा वर सरकवून बघितला, पण मग बाळ हनुवटीपर्यंत यायचं. शिवाय खांद्याचे दोन पट्टे पाठीवर एका क्लिपनं जोडायचे असतात. ती क्लिप दोन खांद्यांच्या मध्ये येते आणि एकट्याला सहज लागत नाही. दर वेळी "जरा मागे लाव ना" म्हणत कुणाला तरी शोधायचं. आणि माझ्या मापाचे पट्टे तिच्या मापाला आणायचे म्हणजे बाळ रडत असताना चार ठिकाणी ओढाओढ.

मान धरली, बाळ चार-पाच महिन्यांचं झालं, की मात्र चित्र बदलतं. पाटणादेवीला जायचंय, तोरणमाळला चालायचंय, सारंगखेड्याच्या यात्रेत बाळ घेऊन फिरायचंय, तर बकलवाल्याला तोड नाही. त्या वयासाठी मी स्वतः तोच घेईन.

राहिला रिंग स्लिंग. विणलेल्या कापडाचा एक पट्टा आणि खांद्याजवळ दोन कड्या, बस. कापडाची दुसरी बाजू कड्यांतून ओवायची आणि ओढून घट्ट करायची. कड्यांची ही युक्ती १९८१ च्या सुमारास हवाई बेटांवरच्या रेनर गार्नर यांनी काढली. पण एका खांद्यावरून घेतलेल्या कापडात मूल बांधणं आपल्या मुलखाला नवीन नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिल्ल आणि पावरा बाया फडक्यात मूल बांधून बाजाराला येतात, शेतात जातात. त्यांचा हात लहानपणापासून बसलेला असतो; साडी घेऊन तसं बांधायला आपण एका व्हिडिओवरून शिकणार नाही, आणि तान्ह्यावर तर शिकूच नये. त्यांच्या गाठीचं काम रिंग स्लिंगमध्ये कड्या करतात.

आमच्या घरात त्यानं काय बदललं ते सांगतो. बाळ दुधाला गेलं की कडी सैल करायची, पट्टा डोक्यावरून काढायचा, घडी घालून खांद्यावरच्या पिशवीत. अंग मोकळं. परत घालायला बसल्या जागी जमतं, टोक जेमतेम मांडीपर्यंत लोंबतं, जमिनीला लागत नाही. बाळाच्या पाठीवर एकच पदर. कंबरेला काही नाही, म्हणजे टाक्यांना धक्का नाही. माझ्याकडून बायकोकडे, तिच्याकडून सासूबाईंकडे, माप जुळवायला कापड एकदा ओढलं की झालं. सासूबाईंनी आधी "पोरगं वाकडं होईल" म्हणून हात लावला नव्हता. पुढे बाळाला घेऊन ओट्यावर फेऱ्या मारणाऱ्या त्याच.

पायांची ही भीती बऱ्याच घरांत असते, म्हणून थोडं सविस्तर. बाळाचे गुडघे बुडापेक्षा थोडे वर, मांड्या फाकलेल्या आणि गुडघ्यापर्यंत कापडाचा आधार, ही स्थिती खुब्याच्या सांध्याला चांगली. उलट पाय सरळ करून दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची आपली जी सवय आहे, तिनं खुबा निखळण्याचा धोका वाढतो. तेव्हा घरात वाद झालाच, तर तो दुपट्याच्या बाजूनं जिंकता येणार नाही.

आता रिंग स्लिंगची दुखरी बाजू. वजन एकाच खांद्यावर येतं. तासाभरानं मानेच्या त्या बाजूला ओढ बसते. खांदा बदलायचा म्हटलं तर दुसऱ्या बाजूनं ओवायला हाताला नव्यानं शिकवावं लागतं. वाकताना एक हात बाळावर ठेवावाच लागतो. आणि सुरुवातीचे काही दिवस वरची कड सैल की खालची कड सैल, हे कळत नाही. मी तीन किलो तूरडाळीची पिशवी घालून सराव केला, तुम्हीही बाळ यायच्या आधी तो करून ठेवा. प्रसूतीनंतर कुणालाच तेवढा वेळ मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, मला हा पर्याय आवडतो म्हणून ती लपवणार नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं चार महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी स्लिंग वापरताना गुदमरण्याचा इशारा दिला होता. धोका दोन प्रकारचा: कापड नाका-तोंडावर दाबलं जाणं, आणि बाळ दुमडून हनुवटी छातीला टेकणं. तान्ह्याला मान उचलता येत नाही, रडून सांगताही येत नाही. म्हणून पिशवीसारख्या खोल स्लिंगमध्ये बाळ आडवं ठेवू नका. उभंच ठेवा, इतकं वर की मान थोडी खाली करून त्याच्या टाळूचा पापा घेता यावा. चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी आणि छाती यांत दोन बोटं मावली पाहिजेत, पाठीला कापड घट्ट लागलं पाहिजे. स्लिंगमध्येच दूध पाजलं, तर पाजून झाल्यावर बाळ पुन्हा वर घ्या. ऊन लागतं म्हणून टोक चेहऱ्यावर ओढू नका. हे नियम तिन्ही प्रकारांना लागू आहेत, पण रिंग स्लिंग हळूहळू सैल होऊ शकतो, त्यामुळे त्यात अधूनमधून हात फिरवून बघावं लागतं.

उन्हाचं एवढंच: आत नुसतं पातळ झबलं पुरे, टोपरं नको. मान मागून तापलेली, घामेजलेली लागली की बाळ बाहेर काढा. पाणी पाजायचा आग्रह कुणी केला तरी सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच. पाणी आईनं भरपूर प्यावं. आणि मोटारसायकलवर यांतलं काहीही चालत नाही. २०२२ च्या केंद्राच्या नियमात दुचाकीवर लहान मुलांसाठी जो सुरक्षा पट्टा सांगितलाय, ती वस्तूच वेगळी. तव्याजवळ, तेलाच्या कढईजवळही बाळ अंगावर नको.

रडणं थांबतं का, असं सगळे विचारतात. १९८६ साली कॅनडातल्या दोन डॉक्टरांच्या अभ्यासात रोज जास्त वेळ अंगावर घेतलेली बाळं सहा आठवड्यांच्या वयाला ४३ टक्के कमी रडत होती. पोटदुखीनं तासन्‌तास रडणाऱ्या बाळांवर नंतर केलेल्या प्रयोगात मात्र तसा फरक दिसला नाही. आमचं संध्याकाळचं रडं कमी झालं, एवढं मी सांगू शकतो.

तुमचं बाळ थंडीत होणार असेल, नवरा-बायको दोघंच असाल, बाहेर जाणं कमी असेल, तर रॅप घ्या, सुखात राहाल. बाळ आत्ताच चार महिन्यांचं असेल तर सरळ बकलवाल्याकडे वळा. बाकी खान्देशातल्या बहुतेक घरांसाठी, विशेषतः होळी ते मृगाच्या मधल्या बाळांसाठी, मी आधी रिंग स्लिंग सुचवीन आणि पुढे जमलं तर बकलवाला.

घेताना कापड सुती किंवा लिनन मिसळलेलं, विणलेलं बघा. सॅटिनसारखं निसरडं किंवा ताणलं जाणारं नको. कड्या सांधा नसलेल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा मजबूत नायलॉनच्या, बाळाच्या स्लिंगसाठीच बनवलेल्या हव्यात. घरी शिवून घेणार असाल तर पर्सच्या कड्या वापरू नका, सांध्यातून उघडू शकतात. जळगावात दुकानात जाऊन बांधून बघायची सोय मला मिळाली नाही, त्यामुळे परत करायची मुभा आहे का ते विचारून मागवा. मागवायचा तर सातव्या-आठव्या महिन्यातच, म्हणजे दोनदा धुऊन कापड मऊ करायला वेळ मिळतो. कोरं कापड कड्यांतून नीट सरकत नाही.