एस्केटामिनचा नाकात मारायचा स्प्रे: बारा डोसनंतर

दोन वेगवेगळ्या गोळ्या पुरेसे महिने घेऊनही माझं नैराश्य हललं नाही, तेव्हा डॉक्टरांनी हा स्प्रे सुचवला. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार आठवडे एकदा. कालच बारावा डोस झाला.

हा घरी मिळत नाही. नर्ससमोर आपणच नाकात मारायचा. एका नळीत 28 मिलिग्रॅम, दोन नाकपुड्यांत एकेक फवारा, मग पाच मिनिटं थांबून दुसरी नळी. घशात उतरणारी कडू चव वाईटच. पंधरा-वीस मिनिटांत माझे हात मला दुसऱ्याचे वाटू लागले. असं होतं हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं आणि मी खूप घाबरले. ती चूक औषधाची नाही, सांगणाऱ्यांची. ताई हात धरून बसली होती म्हणून निभावलं. रक्तदाब वाढतो, तो तपासत राहतात. किमान दोन तास तिथेच, आणि रात्रभर झोप होईपर्यंत गाडी चालवायची नाही.

नंतरच्या खेपेला दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं, तेव्हा भीती गेली. माझ्या जुन्या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करायच्या. हे औषध ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाचा एनएमडीए नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा, अडवतं. त्यामुळे आवर घालणाऱ्या पेशी थोडा वेळ गप्प होतात, ग्लुटामेट उसळतं, त्याचेच एएमपीए नावाचे दुसरे रिसेप्टर जागे होतात आणि बीडीएनएफ हे वाढीला मदत करणारं प्रथिन स्रवतं, असं सध्या मानतात. दीर्घ ताणाने चेतापेशींच्या फांद्या आखडतात, जोडण्या कमी होतात. 2010 साली येल विद्यापीठात उंदरांना केटामिन (एस्केटामिन याचाच एक प्रकार) दिलं, तर 24 तासांत मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींवर जोडण्यांचे नवे काटे दिसले. माणसात नेमकं तसंच घडतं का, हे डोकं उघडून कुणी पाहिलेलं नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्या प्रामाणिकपणामुळेच माझा विश्वास बसला.

मला फरक तिसऱ्या डोसनंतर जाणवला. सकाळी उठून मी केस धुतले. एवढंच. पण त्याआधी अकरा दिवस धुतले नव्हते. पाचव्या आठवड्यात डोस विरळ झाले तेव्हा दोन दिवस पुन्हा खोल गेले, मग सावरले. समुपदेशन आणि रोजची गोळी सोडलेली नाही.

घेणार असाल तर दोन तास आधी काही खाऊ नका, मळमळतं. सोबत कुणीतरी न्या. आणि हात परके वाटले तर ते तासा-दोन तासांत परत आपले होतात, हे पहिल्या फवाऱ्याआधीच ऐकून ठेवा.