हेड खोलण्याआधी: कॉम्प्रेशन टेस्ट की लीकडाउन टेस्ट?

कन्नड घाटात गाडी ओढत नाही, उभी असताना मिसिंग करते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. अशी गाडी गॅरेजला नेली की "इंजिनकाम निघालं" हे फार लवकर ऐकायला मिळतं. जळगावला असा की धुळ्याला, हेडचा (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) पहिला बोल्ट सैल होण्याआधी टेस्टचा आकडा मागा. स्कॅनर फार तर कोणता सिलिंडर मिस करतोय ते सांगेल, कारण नाही.

सुरुवात कॉम्प्रेशन टेस्टनेच, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. दाब मोजणारा गेज लागतो, चार्ज असलेली बॅटरी लागते, बस. इंजिन गरम करून बंद करायचं, पेट्रोल आणि इग्निशन तोडायचं, सगळे प्लग काढायचे. आपल्याकडे प्लगच्या खळग्यात काळ्या मातीची धूळ बसलेली असते. आधी हवा मारून ती उडवा, नाहीतर थेट सिलिंडरमध्ये जाईल. मग एकेका प्लगच्या जागी गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून काटा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा.

त्या वेळी नजर काट्यावरच ठेवा. चांगल्या सिलिंडरचा काटा दोन-तीन झटक्यांत वर जातो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर काटा पहिल्या झटक्याला खाली राहून हळूहळू चढतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर काटा खालीच अडकतो. पेट्रोल गाडीत साधारण १५० ते १८० पीएसआय (दाबाचं एकक) येतं, पण खरा आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. त्याहून महत्त्वाचा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक: १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर गडबड आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा चढला तर संशय रिंगा-बोअरवर (बोअर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत), नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केटवर (हेडखालचं सील). शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर बहुतेक गास्केटच. उन्हाळ्यात गाडी एकदा तापून बंद पडली असेल, तर ही शक्यता आधी धरा. डिझेलला ४०० पीएसआयच्या आसपास दाब असतो, त्यामुळे गेज वेगळा लागतो. डिझेलमध्ये ऑइल टाकायच्या फंदात पडू नका. ज्वलनाची जागा इतकी लहान की जास्तीच्या ऑइलने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

लीकडाउनला कंप्रेसर आणि दोन काट्यांचा गेज लागतो, वेळही जास्त जातो. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. दहाच्या आत उत्तम, तीसच्या वर गेलं तर काम निघालंच. खरी मजा पुढे आहे: कान लावा. एअर फिल्टरकडून सुस्कारा आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गास्केट, नाहीतर हेडला तडा. मात्र टायमिंग चेन (व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडायला लावणारी साखळी) सरकली असेल तर ही टेस्ट बऱ्याचदा फसते, कारण इंजिन फिरतच नसतं. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच कमी आणि गळती मात्र नाही, अशा वेळी टायमिंग तपासा.

जुनी गाडी घेताय? कॉम्प्रेशन टेस्ट पुरेशी आहे. विकणारा प्लग काढू देत नसेल तर गाडी सोडा. स्वतःच्या गाडीचा एखादाच सिलिंडर कमी येत असेल, तर लीकडाउनचे पैसे जरूर खर्च करा. गळती फक्त व्हॉल्व्हची निघाली, तर हेडच्या कामावर भागतं आणि पिस्टन-बोअरिंगचा मोठा खर्च वाचतो. दोन्ही आकडे सिलिंडरनुसार बिलावर लिहून घ्या.